पुरस्कारांच्या पाच ओळी

अर्जात पुरस्कारांसाठी पाचच ओळी होत्या आणि दीपमालाकडं प्रमाणपत्रं होती तेवीस. लातूरला बारावी करून ती देगलूरजवळच्या आपल्या गावी आली होती. बंगळुरूच्या एका विद्यापीठाचा अर्ज भरायचा होता. दुपारभर तिनं प्रमाणपत्रं सतरंजीवर मांडली, हलवली, पुन्हा मांडली.

पहिल्या ओळीचा मात्र प्रश्नच नव्हता. नववीत असताना आपल्याच शाळेत भरलेल्या तालुका विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर, हळदीतली भेसळ ओळखायचं यंत्र. त्याच्या जोरावर ती जिल्ह्याला नांदेडला गेली, तिथं तिसरी आली आणि मग गुणवंत विद्यार्थिनी म्हणून सत्कारही झाला. तीन ओळी तिथंच भरल्या. उरलेल्या दोनांत तिनं शाळेतलं वक्तृत्व आणि लातूरची आठशे मीटरची शर्यत घातली.

अर्जाला प्रदर्शनातला एक फोटो जोडायचा होता. त्या दिवशीचे फोटो लुंबिनीनं काढले होते. दोघी एकाच बाकावर बसायच्या, पण नववीनंतर लुंबिनीनं बोलणं का तोडलं ते दीपमालाला कधी कळलं नव्हतं. तिनं फोन लावला.

"यंत्राजवळचा फोटो हाय का तुझ्याकडं? अर्जाला पाहिजे."

"हाय. पाठवते."

फोटोत दीपमाला यंत्राशेजारी हसत उभी होती. मागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. तिनं फोटो मोठा केला. खाली परीक्षकांच्या सह्या होत्या. प्रथम, लुंबिनी ज्ञानोबा सोनकांबळे. द्वितीय, दीपमाला श्रीमंत पाटील.

तिनं तीनदा वाचलं. मग पुन्हा फोन लावला.

"हे काय हाय, लुंबिनी?"

"निकाल. तीन वाजता लावला होता. बक्षीस द्यायच्या आधी काढून घेतला."

"मग तू मला बोलली का न्हाईस?"

"तुला ठाऊक नव्हतं?" लुंबिनीचा आवाज एकदम खाली आला. "तू त्याच कागदाखाली उभी हायस. मला वाटलं, तुला सगळं ठाऊक हाय."

दीपमालानं तेव्हा मागं वळून बघितलंच नव्हतं.

तिचे वडील श्रीमंतराव शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव होते. ते ओसरीवर चहा पीत बसले होते. तिनं फोन त्यांच्यापुढं धरला.

"अण्णा, पहिली कोण आली होती?"

ते नाकारतील, रागावतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून फोटो बघितला.

"दोन मार्काचा फरक होता. मी हेडमास्तरला म्हणलं, बघा जरा काही जमतं का."

"आणि लुंबिनी?"

"तिला दुसरं दिलंच की. लई मागचं हाय ते. तू अर्ज भर."

एसटीची वेळ सांगावी तसं ते बोलले. ती आत येऊन सतरंजीवर बसली. तिनं पहिली ओळ पुसली. मग जिल्ह्याची, मग सत्काराची. वक्तृत्वापाशी ती थांबली. ती स्पर्धाही याच शाळेत झाली होती. तिथं आपण खरंच पहिल्या आलो होतो का, हे आता कुणाला विचारणार? तीही पुसली. राहिली लातूरची शर्यत. तिथं अण्णांना कुणी ओळखत नव्हतं. तेवढ्या एका ओळीवर तिनं अर्ज पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जीपनं देगलूरला लुंबिनीच्या घरी गेली. हेडमास्तर आणि शिक्षणाधिकारी, दोघांच्या नावानं तिनं पत्र लिहिलं होतं. त्यात निकाल कसा बदलला ते होतं, वडिलांचं नाव होतं, आणि लुंबिनीला पहिल्या नंबरचं प्रमाणपत्र द्यावं अशी मागणी होती.

लुंबिनीनं उंबऱ्यातच उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

"तुझ्या वडलांना ठाऊक हाय?"

"वाचून दाखवलं. कालपासून जेवले न्हाईत."

लुंबिनी आत जाऊन पेन घेऊन आली.

"तारीख टाकली न्हाईस," ती म्हणाली. "बस, आधी तारीख टाक."