तीनवारचा अबोला

जुन्या सामानाच्या लिलावात तीस वर्षं ‘एक वार, दोन वार, तीन वार’ ओरडून ज्याने हातोडा आपटला, त्याला सगळे तीनवारच म्हणायचे. बायकोसुद्धा, पाठीमागे. कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढायचं ठरलं तेव्हा त्याने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, घरी बोलू कसा? बायकोला दिसत नव्हतं. साखरेने तिचे डोळे नेले होते आणि बोटांची जाणीवही, त्यामुळे चाचपून वाचायची अक्षरं शिकायचीही सोय उरली नव्हती.

डॉक्टरांनी श्वासनळी आणि अन्ननळी यांच्यामध्ये भोक पाडून त्यात इवलीशी झडप बसवली. गळ्यावरच्या छिद्रावर अंगठा दाबला की छातीतली हवा झडपेतून घशात जायची आणि आवाज निघायचा. आवाज कसला, नुसती घरघर. पण बायको ऐकून म्हणाली, "सर्दी झाल्यासारखे वाटताय. पण तुम्हीच आहात." त्या दिवशी त्याने तिला अख्खं वर्तमानपत्र वाचून दाखवलं, जाहिरातींसकट.

दोन वर्षं बरी गेली. मग झडपेवर बुरशी धरू लागली. सहा महिने टिकणारी झडप तीन आठवड्यांत गळायची. पुढे भोकच सैल झालं आणि चहा झडपेच्या कडेने थेट श्वासनळीत उतरू लागला. दोनदा न्यूमोनिया झाला. "पुन्हा गळायला लागलं तर भोक बंद करायचं," डॉक्टर म्हणाले, "तिसरा न्यूमोनिया तुम्हाला झेपायचा नाही." गळ्याला टेकवून बोलायचं मशीनही लावून पाहिलं. किरणांच्या उपचाराने कातडी लाकडासारखी झाली होती, त्यातून फक्त गुणगुण आली.

पुन्हा गळायला लागलं तेव्हा तीनवारने ब्रसुद्धा काढला नाही. पाणी श्वासनळीत झिरपू नये म्हणून पावडर कालवून घट्ट करून प्यायचा, खोकला आला की न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचा. लिलावात फुटक्या कपाटाची फट भिंतीकडे करून ठेवायची त्याला सवयच होती. पण न दिसणाऱ्या माणसापासून फट लपवायची कशी? बायकोला त्याच्या श्वासातलं पाणी ऐकू येत होतं. चार दिवस ती गप्प बसली आणि पाचव्या दिवशी तिने दवाखान्यातल्या नर्सला फोन करून सांगून टाकलं.

भोक बंद करायच्या ऑपरेशनच्या सकाळी ती त्याच्या खाटेशी बसली होती. तीनवारने अंगठा दाबला.

"झालं समाधान? मुकं केलंस मला. आता बस भिंतींशी बोलत."

"अहो, तुम्ही जगायला हवेत," ती म्हणाली. तेवढ्यात त्याला आत नेलं.

भोक बुजलं. ते वाक्य मात्र उरलं, त्याच्या तोंडचं शेवटचं. त्याची त्याला लाज वाटत होती. घरी आल्यावर त्याने फोनवर टाईप केलं, ‘चुकलो, माफ कर’, आणि फोनने ते वाचून दाखवलं. बायकोने कपाळाला आठ्या घातल्या.

"बंद करा ते. हा बाबा बसमध्ये पुढचा थांबा सांगतो, हे तुम्ही नव्हे."

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. राग आला की तीनवार दोन-दोन दिवस अबोला धरायचा. तो गप्प म्हणजे तो चिडलेला, एवढंच ती शिकली होती. आता तो गप्पच असणार हे तिला कळत होतं, पण वळत नव्हतं. त्याच्या पुढ्यात ताट ठेवून ती उगाच उभी राहायची. त्याने हात धरला तर म्हणायची, "उपकार नकोत."

एका दुपारी ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"मला एकदाच सांगा. राग गेला असेल तर टेबल वाजवा. नसेल तर राहू दे."

तीनवारचा जीव भांड्यात पडला. त्याने मूठ उचलली आणि टेबलावर आपटली, एक, दोन, तीन. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवं, असंच त्याचा हात तीस वर्षं शिकला होता. पेला उलटला. बायको दचकून खुर्चीसकट मागे सरकली.

"कळलं," ती म्हणाली. "एवढा राग आहे अजून."

ती भिंत धरत आत गेली. तो मागोमाग गेला आणि दारावर बोटाच्या टोकाने हळू वाजवत राहिला. आत तिने रेडिओ लावला होता.