एक खांब पुढे

ताईचा राग साऱ्या धक्क्याच्या ओळखीचा होता. बर्फाची लादी फोडताना ती टोचा किती जोरात हाणते, ते ऐकूनच गिऱ्हाइकं ठरवायची, की आज हिच्याशी दोन शब्द बोलायचे की मुकाट्याने कोळंबी घेऊन निघायचं. पण त्या सकाळी ती जशी चिडली, तशी कुणी तिला पाहिली नव्हती. आणि चिडायला कारणही घरचंच होतं. परक्यावर कुणी एवढं चिडत नाही.

दुकान वडिलांचं. गळ, दोऱ्या, शिशाची वजनं, बर्फ, आणि जिवंत कोळंबीची बुडबुडणारी टाकी. दाराशी एक काळी पाटी. वडील रोज पहाटे तिच्यावर खडूने लिहायचे : वारा कुठला, भरती कधी, पाणी किती तापलंय, कुठला मासा कुठे लागतोय. धक्क्यापासून भर समुद्रापर्यंत वाट दाखवणारे खांब उभे होते, त्यांच्यावर आकडे रंगवलेले. वडील भला माणूस, पण मासा कुठे आहे हे परक्याला सांगण्याइतका भला नव्हता. पाटीवर तिसरा खांब लिहिला, की मासा चौथ्याला समजायचा. एक खांब पुढे. सुट्टीच्या दिवशी शहरातून येणारे हौशी गळवाले तिसऱ्याशी उन्हात पापडासारखे भाजून निघायचे आणि धक्क्याची माणसं चौथ्याशी डबे भरायची. इथल्या पोरांना बेरीज शाळेत शिकवावी लागत नसे.

वडील गेले आणि समुद्राची खबर धाकट्या भावाकडे आली. त्याचा आवाज असा, की साऱ्या धक्क्याने त्याचं नाव भोंगा ठेवलेलं. आता तो पहाटे छोट्या बोटीने खांबांपर्यंत फेरी मारून यायचा आणि बंदराच्या रेडिओवर सांगायचा. ताई ते ऐकून पाटीवर उतरवायची. खांब मात्र रेडिओवरही वडिलांच्याच हिशेबाने, एक कमी करून.

ताईचा नवरा या धक्क्याचा नव्हे. काही वर्षांपूर्वी तोही असाच पाटी वाचून गेला होता आणि दिवसभर रिकामा गळ टाकून, नाकाची साल काढून, परत येऊन दुकानात ओरडला होता. ताईने त्याच्या तोंडावर बर्फाचा तुकडा दाबला. त्यातून लग्न झालं. लग्नानंतर तिने त्याला सगळं सांगितलं. मग त्याने विचारायला सुरुवात केली. ताई म्हणाली, भाजी ताजी आहे, की तो म्हणायचा, "घरचं की पाटीवरचं?" लोक हसायचे. ताईही हसायची, पण दर वेळी थोडी कमी.

उन्हाळा संपत आला होता. असे दिवस, की सूर्य डोक्यावर यायच्या आत समुद्र कोमट होतो आणि मासा तळाशी जाऊन तोंड मिटून बसतो. मिळवायचं ते सकाळीच. बाहेर सुरमई विरळ झालेली, खाडीत बोयांचे थवे, आणि खांबांजवळच्या खोल खड्ड्यात अंगात चरबी भरलेली तांबोशी. आदल्या संध्याकाळी वादळ होऊन गेलं होतं. त्यात वाळू वाहून नेणारा एक बार्ज, सपाट लोखंडी पडाव, दोर तोडून वाहत गेला आणि कुठेतरी बुडाला, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

पहाटे रेडिओवर भोंगा वाजला. "वारा पडलाय. भरती सकाळी उशिरापर्यंत. पाणी गढूळ, तापलेलं. तांबोशी चौथ्या खांबाला, भरपूर. आणि सावध, मंडळी : बुडालेला बार्ज पाचव्या खांबाशी आहे, पाण्याखाली. लांबून जा."

ताईने पाटीवर लिहिलं : तांबोशी, चौथा. बार्ज, पाचवा. ते लिहिताना तिच्या डोक्यात आपोआप तांबोशी पाचव्याला गेली आणि बार्ज सहाव्याला. तिच्या नवऱ्यानेही पाटी वाचली, एक मिळवला, आणि बोट घेऊन निघाला. आधी खाडीत आमिषाला बोय पकडणार, मग भरतीबरोबर खांबांकडे. फोन तो नेहमीसारखा गल्ल्याशेजारी विसरला.

भोंगा चहाला आला तेव्हा उन्हं वर आली होती.

"केवढं धूड आहे, ताई," तो बशीत फुंकर घालत म्हणाला. "खड्ड्याच्या काठाला वाळूवर बसलाय. मी गेलो तेव्हा ओहोटी होती म्हणून एक कोपरा तरी दिसला. आता तोही बुडाला असेल. बंदरवाले म्हणतात, दुपारी येऊन खूण लावू."

"सहाव्याला खड्डा कुठला?" ताई म्हणाली.

"सहाव्याला नाही. पाचव्याला. सांगितलं ना रेडिओवर."

ताईने टोचा लादीत मारला आणि तो तसाच सोडला. "पाचव्याला म्हणजे आपला पाचवा, की खरा पाचवा?"

"खरा. धोक्याचं खोटं सांगू? माणूस आहे मी, राक्षस नाही. आजवर धोक्याचं कधी खोटं सांगितलं नाही."

"आजवर धोका सांगितलायस कधी तू?"

भोंग्याने बशी खाली ठेवली.

"आणि तांबोशी?" ताई म्हणाली. "ती कुठली?"

"ती... आपली. चौथा म्हणजे पाचवा." हे म्हणताना त्याचं त्यालाच ऐकू आलं.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकाच तोंडाने, एकाच दमात, अर्धं खरं आणि अर्धं खोटं! साऱ्या धक्क्याला या माणसाने सांगितलं होतं, की मासा पाचव्याला आहे आणि बार्ज सहाव्याला. लोकांच्या हाताला धरून त्याने त्यांना बरोबर लोखंडावर नेऊन सोडलं होतं. तेही मनापासून काळजी करत!

"उचलली जीभ, लावली टाळ्याला! मेल्या, भाऊजी तुझे खाडीतून निघाले असतील आता. पूर्ण वेगात येतात ते तिथे, ऊन चढायच्या आत!"

"मला वाटलं, लोकांना कळेल..."

"काय कळेल? कसं कळेल? तुझ्या तोंडाकडे बघून?"

रेडिओवर आता गाणी लागली होती, खबर सांगायची वेळ कधीच संपली होती. ताईने पायातल्या चपला तिथेच टाकल्या आणि भावाला दंडाला धरून त्याच्या बोटीत ढकललं.

बोट पाचव्या खांबाकडे निघाली. राग तिला भावाचा होता, वडिलांचा होता, आणि स्वतःच्या खडूचाही होता. वडिलांची ती थट्टा साऱ्यांनी किती वर्षं चघळली! परक्यांना फसवलं म्हणून किती हसलो! आणि त्या परक्यांतला एक तिच्या घरात तिच्या ताटासमोर बसत होता.

खांबाशी पोचले तर पाणी चहासारखं गढूळ, सपाट, निष्पाप. बार्ज कुठे दिसेना. दिसल्या त्या बोटी. धक्क्याच्या चारपाच येऊन घिरट्या घालत होत्या, आणखी मागून येत होत्या. धक्क्याची माणसं जिथे जमतात तिथे मासा, एवढी अक्कल शहरवाल्यांनाही आली होती. त्यांच्याही दोन चकचकीत बोटी वळल्या.

ताई वल्हं उंच धरून उभी राहिली. "मागे फिरा! इथे बार्ज आहे! मागे व्हा!"

सगळ्यांत पुढच्या बोटीत टकलू होता, बर्फाचं रोजचं गिऱ्हाईक. तो मान मागे टाकून हसला. "ताई, एवढी तांबोशी तुम्ही दोघंच खाणार होय? आम्हालाही पोटं आहेत!"

"अरे, बार्ज आहे, बार्ज!"

"आहे ना, सहाव्याला! मोजता येतं आम्हाला!" आणि त्याने शहरवाल्यांकडे बघून ताईला डोळा मारला. म्हणजे, छान चाललंय तुमचं नाटक, चालू द्या.

भोंगा ओरडला, तर दोन बोटी उलट जवळ आल्या. ताई आणि भोंगा दोघं जातीने येऊन ओरडतायत, तर तांबोशी केवढी असेल! ताईला रागाने रडूही येईना. खरं बोलायला तोंड उघडावं आणि त्यातून खोटंच बाहेर पडावं, अशी ती अवस्था.

तेवढ्यात खाडीच्या तोंडातून नवऱ्याची बोट बाहेर आली. तिचं नाक पाण्यावर उचललेलं. तो उभा राहून चालवायचा, उन्हाला डोळे बारीक करून. त्याच्या आणि खांबाच्या मधे कुणी नव्हतं.

"अहो! थांबा! थांबा!" ताईने हात हलवले. त्यानेही हात हलवला आणि आला तसा येत राहिला.

"अरे थांब! थांब रे!" चारचौघांत तिने त्याला अशी कधी हाक मारली नव्हती.

इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकू जात नव्हतं. आणि ऐकू गेलं असतं, तरी त्याने काय विचारलं असतं, ते तिला ठाऊक होतं.

तिने वल्हं पाण्यात खुपसलं. वाळू. पुढे खुपसलं. पाणीच पाणी. "पुढे घे," ती भावावर खेकसली. पुन्हा खुपसलं आणि वल्हं खणकन वाजलं. तो आवाज तिच्या दातांपर्यंत गेला.

"ताई, काय करतेस!" भोंगा म्हणाला, पण तोवर ती बोटीबाहेर होती.

लोखंड शेवाळलेलं, काठ पत्र्याच्या डब्यासारखा धारदार. एक पाय सटकला, तळव्यातून कळ गेली, दुसरा टेकला. ती उभी राहिली. भर समुद्रात, कुठल्याही बोटीशिवाय, गुडघाभर पाण्यात, ओली साडी पायांना चिकटलेली, वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून.

आता ती ओरडली नाही. सांगून झालं होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

टकलूचं हसणं अर्ध्यात मोडलं. शहरवाल्यांच्या बोटीतली एक बाई किंचाळली. इंजिनं एकामागून एक बंद पडली. एकच चालू होतं, आणि ते सरळ तिच्याकडे येत होतं.

नवऱ्याने बायकोला पाण्यावर उभं पाहिलं, तेव्हा त्याने सुकाणू असं मारलं, की बोट एका कुशीवर आडवी झाली. डब्यातल्या बोया उसळून समुद्रात परत गेल्या. लाट ताईच्या कमरेवर आपटली. ती हलली, पण वल्हं खाली आलं नाही.

मग ताई बोलली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, शहरवाल्यांनाही.

"बघा, नीट बघा! आम्ही चौथा सांगतो तेव्हा मासा पाचव्याला असतो! बापाच्या वेळेपासून! कळलं? सगळ्यांना कळलं? आता जा आणि हसा!"

"ताई, अगं परक्यांसमोर..." टकलू कळवळला. समुद्रात जीव जाता जाता राहिला, त्याचं त्याला काही नव्हतं. गुपित गेलं, त्याचं दुःख झालं होतं. ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बोटीत खाली बसला.

नवऱ्याने तिला आपल्या बोटीत ओढून घेतलं. तिच्या तळव्यातून रक्त येत होतं. त्याने अंगातला सदरा काढून पायाला गुंडाळला. भोंगा आपल्या बोटीत खाली मान घालून बसला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्याला आता कुणी काय बोलावं?

"खोल लागलंय?" नवऱ्याने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली.

"घरचं की पाटीवरचं?"

तो हसत नव्हता. सवयीने त्याच्या तोंडून गेलं आणि गेल्यावर त्यालाही वाईट वाटलं. पण गेलं ते गेलं. ताईने त्याच्याकडे पाहिलं. लोखंडावर उभी होती तेव्हा तिला रडू आलं नव्हतं, ते आता आलं. या माणसाशी ती एकदाही खोटं बोलली नव्हती. आणि जखम दाखवूनही त्याला विचारावं लागत होतं.

"धक्क्यावर चल," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि हातोडा कुठे ठेवलायस?"

दुकानाशी तिने पाटी दारावरून ओरबाडून काढली. वडिलांनी ठोकलेला खिळा भिंतीचा गिलावा घेऊन निघाला. लंगडत ती पुन्हा बोटीत बसली. भोंगा धक्क्यावरून म्हणाला, "ताई, बाबांची पाटी आहे ती."

"माहीत आहे कुणाची आहे."

पाचव्या खांबाला तिने पाटी स्वतः ठोकली. एक घाव बोटावर बसला, तेव्हा तिने वडिलांना मोठ्याने शिवी दिली, आयुष्यात पहिल्यांदा. मग पदराने वरचा सगळा मजकूर पुसला. वारा पुसला, भरती पुसली, तांबोशी पुसली, बार्जचा आकडाही पुसला. पावसाने धुऊ नये म्हणून खडूऐवजी बोटीचा पांढरा रंग घेतला आणि एकच शब्द लिहिला : इथे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा खाडीतून बाहेर आला. ताई त्याच्या बोटीत पुढे बसली होती, पाय पट्टीत. तिने काही सांगितलं नाही. त्याने लांबूनच पाटी वाचली, सुकाणू वळवलं, खांबाला मोठा वळसा घातला, आणि काही विचारलं नाही.