डावीकडचं जनावर

शुक्रवार, म्हणजे कापडाचे लूम बंद. आणि संध्याकाळी पाचला कारखान्याचे मालक केसरीनाथशेठ यांच्या ओटीवर मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं: पंढरी ओरडला होता की नाही?

मी जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा. पंढरी माझ्या हाताखालचा. सोमवारी लाइट जाऊन परत आली, बाकीचे लूम अजून बंदच होते, मी एक चालू केला आणि त्यात पंढरीची दोन बोटं चेचली. तो म्हणतो, 'थांब' म्हणून ओरडलो. मी म्हणतो, एवढ्या शांत कारखान्यात ओरडला असता तर मला ऐकू आलं नसतं का? मी काय बहिरा आहे? माझ्या शब्दावर त्याची नोकरी होती, आणि तो खोटारडा आहे असं मी चार दिवस सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

दुपारी इक्बालच्या सायबर कॅफेत जाऊन बसलो. शाळेपासूनचा दोस्त. "दिमाग गरम हाय तुझा," तो म्हणाला. "चल, चार राक्षस मार." माझ्या कानाला हेडफोन लावून त्यानं गेम सुरू करून दिला.

कुठल्यातरी लाल ग्रहावरचा ओस तळ, अंधारे बोळ, स्क्रीनच्या तळाशी आपल्या हातातली बंदूक. जनावर दिसायच्या आधी गुरगुरतं. उजवीकडची मी पटापट लोळवली. डावीकडून मात्र दर वेळी थेट पंजाच पडायचा आणि मी खलास. सात वेळा मेलो. घाम फुटला होता मला, हसू नका.

"अरे, डावीकडं गुरगुरतंय ना, बघत का न्हाय?" इक्बाल वैतागला.

"तुझा हेडफोन भंगार हाय. डाव्या बाजूनं काय वाजतच न्हाय."

त्यानं डावी बाजू स्वतःच्या कानाला लावली. "मस्त वाजतंय की."

मी चिडून हेडफोन उलटा घातला. आता डावीकडची जनावरं उजव्या कानात साफ गुरगुरायला लागली, आणि उजवीकडची मुकी झाली.

हेडफोन काढला, उजवा कान बोटानं गच्च दाबून डाव्या कानाशी चुटकी वाजवली. काही नाही. उजव्या कानाशी वाजवली, ऐकू आली. पुन्हा डाव्या.

"मन्या, कधीपासून?" इक्बालनं हळूच विचारलं.

मला काय ठाऊक कधीपासून? पंधरा वर्षं त्या खडखडाटात उभा आहे. सोमवारी पंढरी माझ्या डाव्या हाताला होता, आणि उजव्या कानात नुकत्याच चालू केलेल्या लूमचा खडखडाट.

गेम परवडला, तिथं मेलं की पुन्हा सुरू करता येतं. इथं खरं बोलावं तर माझी नोकरी गेली, कारण जॉबरला लूमचं दुखणं आवाजावरून कळावं लागतं. गप्प बसावं तर पंढरी गेला. "मी कुणाला सांगणार न्हाय," इक्बाल म्हणाला. त्यानं तर मी जास्तच घाबरलो, आता ठरवायचं मलाच होतं.

ओटीवर पंढरी आधीच बायकोला, कमळला, घेऊन आला होता. हाताला पट्टी. मी चपला काढतोय तोच तो म्हणाला, "शेठ, मनोजभाऊ खोटं न्हाय बोलायचे. मीच ओरडलो नसंन. माफ करा."

शेठ माझ्याकडं वळले. "मग संपलं. काय रे मनोज?"

"ओरडला असणार तो," मी म्हणालो. "मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाय, शेठ."

कमळनं माझ्या डोळ्यांत बघत विचारलं, "मनोजभाऊ, त्याला खोटारडा बोलन्यापेक्षा 'मला ऐकू आला नाय' यवढाच तुमी बोलला असता तर चालला नसता का?"