नेच्याचा कंद

पांढऱ्या सदऱ्याची काजं वहिनीने पिवळ्या दोऱ्याने केली आणि तिला ते कळलंसुद्धा नाही. सदरा न्यायला आलेल्या कारकुनाने तो दाराच्या उजेडात धरला.

"वहिनी, काजांना कावीळ झालीय का हो?"

वहिनी हसली खरी, पण तिने सदरा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. तिला दोरा आणि सदरा एकाच रंगाचे दिसत होते. पंचवीस-तीस वर्षं सुईवर काढलेल्या बाईचे डोळे म्हणजे तिची रोजीरोटी.

गल्ली तिला वहिनी म्हणायची ती तिच्या दिरामुळे. सासू गेली तेव्हा हा दीर शेंबडा पोर होता. वहिनीने त्याला न्हाऊमाखू घातलं आणि नवरा गेल्यावर शिवणकाम करून मोठा केला. आता कोपऱ्यावरचं झाडपाल्याच्या औषधांचं वडिलोपार्जित दुकान तो चालवत होता. सासऱ्यांचा एक कडक शिरस्ता होता. नवीन मुळी आली की गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ती स्वतः घ्यायची, आणि अंग काय म्हणतं ते चार दिवस बघायचं.

मागच्या महिन्यात दिराने नेच्याचा कंद आणला. नेचा म्हणजे ओढ्याकाठी सावलीत वाढणारं झाड, पानं करवतीसारखी कातरलेली, ना फूल ना फळ. त्याचा काळसर कंद वाळवून कुटून घेतला की पोटातला लांब चपटा जंत पडतो, असं दिराने ऐकलं होतं. वहिनीला नेमका तोच त्रास होता.

"तुझ्या पोटात फुकटा भाडेकरू बसलाय," तो म्हणाला. "त्याला बाहेर काढू."

"मामंजी आधी स्वतः घ्यायचे. तू घेतलास का?"

"घेतला की. बघ, घोड्यासारखा फिरतोय."

त्याने चूर्ण दिलं आणि पोट साफ व्हावं म्हणून वर एरंडेल पाजलं. जंत पडला. पण लगेच तिचं डोकं गरगरू लागलं आणि डोळ्यांपुढे धुकं आलं. तिने त्याच दिवशी त्याला सांगितलं. "वय झालं, वहिनी. चष्म्याचा नंबर वाढला असेल," असं म्हणून त्याने उडवून लावलं. तिने ते मानलं. त्याचं नाही मानायचं तर कुणाचं?

कारकून गेल्यावर तिने मशीनवर कापड झाकलं आणि भिंतीच्या आधाराने दुकान गाठलं. दीर दाराकडे पाठ करून एका गवंड्याला पुडी बांधून देत होता.

"एवढाच घ्यायचा, चिमूटभरही जास्त नाही. गरोदर बाईला नाही, लेकराला नाही. आणि एरंडेल, तेल, तूप त्या दिवशी अजिबात नको. तेलाबरोबर हा कंद अंगात भिनतो आणि डोळ्यांवर जातो."

"तुम्हाला कसं ठाऊक?" गवंड्याने विचारलं.

"आमच्याकडे झालंय एकाला."

वहिनीने चौकट धरली. "कुणाला रे?"

दीर वळला. त्याच्या हातातला दोरा तसाच लोंबत राहिला.

"आत ये, बस ना."

"तू स्वतः घेतला होतास ना?"

"घेणार होतो. पण तुला त्रास होताच, म्हटलं तुलाही गुण येईल आणि औषधाचीही पारख होईल."

"आणि डोळ्यांचं कधी कळलं?"

"तू सांगितलंस ना, तेव्हा. बाजारात मुळ्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, एरंडेलावर कधी देऊ नये."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू दवाखान्यात गेली असतीस," तो हळू आवाजात म्हणाला. "तिथे विचारलं असतं, औषध कुणी दिलं. दुकानाला टाळं लागलं असतं."

गवंड्याने पुडी फळीवर ठेवली आणि तो निघून गेला.

दवाखान्यात दीरच तिला घेऊन गेला. वाटेत दोनदा म्हणाला, "वहिनी, घरातली गोष्ट घरातच राहू दे."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बारीक उजेड टाकून बराच वेळ पाहिलं. डोळ्यामागची नस सुजली होती. डावा कदाचित सुधारेल, उजव्याचं काही सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या.

"आधीच आला असतात तर बरं झालं असतं. काय घेतलं होतं?"

"नेच्याचा कंद. वर एरंडेल."

"कुणी दिलं?"

दीर दाराबाहेर उभा होता. मघाशी तिथूनच त्याच्या खोकल्याचा आवाज आला होता. लहानपणी त्याला खोकला झाला की वहिनी रात्रभर त्याची छाती चोळायची.

"माझ्या दिराने," ती म्हणाली. "बाहेर उभा आहे, त्याला आत बोलवा. किती दिला होता ते त्यालाच ठाऊक. आणि आणखी कुणाकुणाला दिलाय, तेही विचारा."

दीर आत आला. डॉक्टरीणबाई विचारत गेल्या, तो मान खाली घालून सांगत गेला. मध्येच त्याने वहिनीसाठी खुर्ची पुढे सरकवली. ती उभीच राहिली.