घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं

मी पांढरा वजीर बोलतोय, बुद्धिबळाच्या पटावरचा. पटावर माझ्याएवढं बळ कुणाचंच नाही, हे मी वर्षानुवर्षं तोऱ्यात सांगत आलो. आता सांगवत नाही.

उरणच्या बाजारातून दिनानाथांनी आमची पेटी घेतली तेव्हा ते मिठागरावर कामाला होते. दुपारी झोपडीत डाव मांडायचे. पुढं ट्रकवर गेले, तरी पेटी सीटखाली असायचीच. मुलगी कल्पिता कळती झाल्यावर तिलाही त्यांनी शिकवलं, मिठागरावरच्या नियमांनी. त्यातला एक मला कधीच पटला नाही. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्याचं घर तोच मोहरा मिळायचा. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. स्पर्धेत मात्र कुठल्याही घरात वजीर मागता येतो. कल्पिताला ते ठाऊक होतं, पण हाताला सवय मिठागरावरची.

अलिबागला जिल्ह्याची निवड होती. वयाच्या अटीमुळं कल्पिताची ही शेवटचीच संधी, आणि शेवटचा डाव जिंकला तरच संघात जागा. पट आपापला न्यायचा होता, म्हणून आम्हीही गेलो. पटावर उरले दोन राजे आणि कल्पिताचं एक प्यादं, घोड्याच्या घराकडं निघालेलं. घड्याळ संपत आलं होतं. मारला गेलेला मी बाहेर घोड्याशेजारी पडलो होतो. प्यादं पोचलं. तिचा हात माझ्या डोक्यावरून गेला आणि घोडा उचलून तिनं त्या घरात ठेवला. लगेच तिचा चेहरा उतरला. एकट्या घोड्यानं मात होत नाही. डाव बरोबरीत सुटला.

"काय झाला बाय?" बाहेर दिनानाथांनी विचारलं.

"बरोबरी, बाबा. जिंकण्यासारखं नव्हतंच काही."

ती पाणी प्यायला गेली तेवढ्यात समोरच्या मुलीचे वडील म्हणाले, "तुमच्या मुलीनं घोडा का घेतला हो? वजीर घेतला असता तर जिंकलीच होती."

"घोड्याच्या घरात वजीर?"

"कुठल्याही घरात. नियमच आहे तो."

पेटी दिनानाथांच्या काखेत होती. आत आम्ही सगळे खडखडलो.

तेव्हापासून कल्पिता कंटेनर यार्डातल्या कामावरून आली की तोच डाव मांडायची. शेवटच्या खेळीच्या आधी हातची गेलेली एखादी संधी तिला शोधायची होती. अशी चूक, जी तिची एकटीची असेल, बाबांच्या शिकवण्याची नसेल. मला आधी तिचा राग यायचा. अगं, जिंकायची वाट तुझ्या कोपराशी पडली आहे! नंतर नुसतं वाईट वाटू लागलं.

उठताना ती शेवटची मांडणी तशीच ठेवायची. ती कामावर गेली की दिनानाथ यायचे, घोडा काढून त्या घरात मला ठेवायचे आणि बघत बसायचे. तिची चाहूल लागली की घोडा परत जागेवर.

एका संध्याकाळी ती एकदम ओरडली, "बाबा, सापडलं! इथं हत्तीनं शह दिला असता तर डाव तिथंच संपला असता. माझंच लक्ष नव्हतं."

दिनानाथांनी चष्मा लावला. त्या शहातून काळा राजा आरामात निसटत होता. मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं.

"व्हय बाय," ते म्हणाले, "तिथंच चुकलीस तू."

कल्पिता किती दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी पेटी माळ्यावर गेली. खाली जेवणं होतात, टीव्ही चालतो, दोघं एकमेकांशी फार जपून बोलतात. माझी एवढीच विनंती आहे. कधी त्यांच्या घरी गेलात, तर बुद्धिबळाचा विषय काढू नका.