उखळ कुणाला बोलावतं?

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, नका ठेवू. पण म्हातारा शतीवी लाकडी उखळात कॉफी कुटायला बसला की जॉर्डनच्या वाळवंटातल्या वादी रमचे डोंगर कान टवकारायचे. पार सौदीच्या हद्दीवरचे उंट चरायचे थांबायचे. एकदा तर एक आंधळी शेळी त्या ठेक्यामागं चालत थेट चुलीपाशी आली आणि आपला पेला कधी भरतात याची वाट बघत उभी राहिली!

कारण उखळाचा आवाज म्हणजे आमंत्रण. ज्याच्या कानावर पडेल त्यानं उठायचं आणि चालू लागायचं. प्रत्येकाच्या हाताचा ठेका निराळा. शतीवीचा ठेका ऐकला की वाळूपलीकडे राहणारा त्याचा बालमित्र जैफल्ला चपला शोधत बसायचा नाही, अनवाणीच निघायचा.

पुढे शतीवीच्या पुतण्यानं, मुतलकनं, तिथंच पर्यटकांसाठी तंबूंचा कॅम्प थाटला. मऊ गाद्या, गरम पाणी आणि जेवणाआधी ‘वाळवंटाचं संगीत’. संगीत कसलं, काकाचं उखळच ते! कॅम्पभोवती दोरी. दोरीच्या आत फक्त आरक्षण केलेले पाहुणे.

एका संध्याकाळी त्या दोरीशी जैफल्ला येऊन उभा राहिला.

“काका, आत पाहुणे आहेत,” मुतलक म्हणाला.

“असणारच. मलाही बोलावलंय की!”

“तुम्हाला नाही हो... ते संगीत आहे.” मुतलकनं कागदी कपात कॉफी आणून दोरीवरून पुढं केली.

जैफल्लानं कपाला हात लावला नाही. “शतीवी म्हातारा झालाय हे ठाऊक होतं. त्याचं उखळ खोटं बोलायला लागलंय, हे ठाऊक नव्हतं,” म्हणाला आणि आल्या वाटेनं गेला.

शतीवीनं चुलीपाशी बसून सगळं ऐकलं. त्यानंतरही तो रोज कुटायचा, पण नजर उखळात नसायची. वाळू लाल व्हायची, सावल्या लांबत जायच्या, आणि त्या सावल्यांत चालणारी एकही सावली नसायची.

मग फ्रान्समधल्या ल्योनहून तंबूत राहायला आलेल्या, केस पिकलेल्या एका बाईनं मुतलकला विचारलं, “या तालाचा अर्थ काय?”

“संगीत आहे, बाई.”

“तुम्ही नका सांगू. त्यांना विचारा.”

मुतलकनं काकांना विचारलं.

“अर्थ कसला? ‘या, कॉफी तयार आहे.’ बस्स,” शतीवी म्हणाला.

मुतलकनं तेवढं तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग कुणी येत का नाही?”

आता मात्र मुतलक चुलीतली लाकडं सारखी करू लागला.

“काय म्हणतेय रे?” शतीवीनं विचारलं.

“काही नाही, काका.”

“बाईनं एवढं तोंड हलवलं आणि काही नाही? का जांभई दिली तिनं?”

“विचारतेय... मग कुणी येत का नाही.”

शतीवीनं मुसळ खाली ठेवलं. “आधी तिला दोरी दाखव! म्हणावं, आम्हाला बघायला एवढ्या लांबून आलीस, तर आमचे शेजारी कुठं आहेत तेही विचारत जा. आणि तू ऐक, पोरा. कॅम्प चालव, तुझी पोरंबाळं जेवतात त्यावर. पण हाक मारायची आणि आलेल्याला बाहेर उभं करायचं? असलं आपल्यात कुणी केलंय का रे?”

मुतलकचे डोळे भरून आले. आग लागो त्या दोरीला! त्यानं स्वतःच्या हातानं ती सोडली, आणि गोल करून काकांच्या पुढ्यात टाकली. “कुटा, काका. आज संगीत नको. हाक मारा.”

म्हणून सांगतो मंडळी, सुट्टीत तंबू ठोकायला जगात कुठंही जा, तिथले ताल ऐका, तिथली कॉफी प्या. पण ते ताल ज्यांचे आहेत ती माणसंही त्या चुलीभोवती आहेत ना, एवढं आधी पाहा. नसतील तर आपण सरकून जागा करा. त्यांच्यावाचून जे उरतं तो नुसता ठोकाठोकीचा आवाज!

आणि त्या संध्याकाळी काय झालं म्हणता? शतीवीनं मुसळ उचललं मात्र, साऱ्या वादी रमची माणसं निघाली! उंटांची रांग एवढी लांब, की सूर्याला मावळायला वाट मिळेना. सगळ्यांत पुढं जैफल्ला, पांढऱ्याशुभ्र उंटावर, पायांत जरीचे जोडे—

“थापाड्या शतीवी!” चुलीपलीकडून एक म्हातारा माझ्यावर ओरडला. “उंट कसला आणि जोडे कसले? एकटा आलो होतो मी, आणि अनवाणी! पेला भर आधी.”