दुसरी चिमूट

संध्याकाळी टाकीतला निळा दिवा लागला की आबांचा हात मला अजून त्या पाण्यावर दिसतो. शिरा वर आलेला, उन्हामिठाने रापलेला, करंगळी कायमची वाकडी झालेला तो सावळा हात निळ्या प्रकाशात क्षणभर कुणा परक्याचा वाटायचा. मग बोटांची चिमूट पाण्यावर अलगद उघडायची, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे वर झेपावायचे आणि तो हात पुन्हा आबांचा व्हायचा. मागे पंपाची अखंड घरघर, खिडकीखाली सीवूड्सच्या रस्त्यावरचे हॉर्न, आणि या सगळ्या कोलाहलात एका वृद्ध माणसाचं संथ, निःशब्द उभं राहणं. आबा म्हणजे माझे सासरे. तोंडाने फार बोलत नसत.

टाकीची हौस खरं तर महेशची, माझ्या नवऱ्याची. दोन फुटांची, खाऱ्या पाण्याची. आत सच्छिद्र खडक आणि खडकांवर शर्टाच्या बटणांएवढी प्रवाळं, जी दिवा लागला की उमलायची आणि मालवला की मिटायची. ती हौस सहा महिने टिकली. मग बादलीत मीठ कालवणं, नळीने जुनं पाणी ओढून काढणं, पंप धुणं हे सगळं आबांनी कुरकुर न करता अंगावर घेतलं. त्यांचं अर्धं आयुष्य जासईकडच्या मिठागरांत गेलं होतं. जिथे त्यांनी फळीने मीठ ओढलं त्या वाफ्यांवर आता कंटेनर रचलेले आहेत, आणि गतकाळातलं एवढंच एक दोन फुटांचं खारं पाणी त्यांच्या वाट्याला उरलं होतं. मी मोजायची नळी घेऊन पाण्याचा खारटपणा बघायचे, तोवर आबांनी बोट बुडवून जिभेला लावलेलं असायचं. "थोरा पातल हाय पानी," ते म्हणायचे, म्हणजे मीठ कमी पडलंय, आणि माझी नळी नंतर सावकाश तेच सांगायची.

त्यांचा एक नेम होता. माशांना घातल्याशिवाय ते दुपारी पानावर बसत नसत. मिठागरावरही भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्याला टाकून मगच गडी जेवायला बसायचे, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मुकं जनावर उपाशी आणि आपण जेवतो, हे त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

शेवाळ आलं ते दोन वर्षांपूर्वीच्या माघात. आधी वाळूवर तपकिरी धूळ धरली, मग काचेवर हिरवी लव, आणि फाल्गुन संपेपर्यंत खडकांना वीतभर लांबीचे हिरवे केस फुटले. पंपाच्या प्रवाहात ते झुलायचे तेव्हा खोटं कशाला बोलू, सुंदर दिसायचे. पण त्या हिरव्या विणीखाली प्रवाळं गुदमरत होती, एकेक बटण मिटत होतं आणि पुन्हा उघडत नव्हतं. आठवडाभर वाशीचं ऑफिस, घरी आलं की स्वयंपाक, आणि रविवारी हातात जुना टूथब्रश: खडक बाहेर काढायचा, घासायचा, चिमट्याने हिरवे केस उपटायचे, काच खरवडायची. पुढच्या रविवारी सगळं होतं तसं. खाऱ्या पाण्याने माझ्या नखांच्या कडा फाटल्या. मला त्या शेवाळाचा संताप यायचा, आणि थकलेल्या माणसाला येतो तसा तो मग सगळ्यांवरच निघायचा.

खारघरच्या मासेवाल्या दुकानात मी चार वेळा जाऊन आले. दुकानदाराने दिवा सहा तासांवर आणायला लावला, गाळलेलं पाणी वापरायला सांगितलं, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी दिल्या. शेवटी वैतागून म्हणाला, "मॅडम, खाणं जास्त पडतंय. दुसरं काय नाय."

"शक्यच नाही," मी म्हटलं. "आमचे आबा दिवसातून दोनदाच घालतात, दुपारी नि दिवेलागणीला, तेही चिमूटभर. त्यांचा हात मोजलेला आहे."

केवढ्या तोऱ्यात म्हटलं होतं मी ते!

त्यानंतरच्या एका शनिवारी मी घरी होते, चैत्रातलं ऊन गॅलरीतून आत सरकत होतं. आबांनी चहा घेतला, टाकीचं झाकण उचललं, चिमूट सोडली. मी निवडायला भाजी घेऊन बसले. मेथीची अर्धी जुडी झाली असेल, तेवढ्यात ते पुन्हा उठले. तोच डबा, तीच अलगद उघडलेली बोटं, मासे वर आल्यावरचं तेच समाधान. "खा रं बाबांनो," ते म्हणाले, "सकालपासून कोनी खायाला नाय घातला तुमाला." जेवणापर्यंत हे आणखी दोनदा झालं, आणि दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर कणव अगदी ताजी होती. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. दर रविवारी मी जे खरवडून काढत होते ते आबांच्या विसरण्यातून उगवत होतं, आणि मी मात्र दिव्याला नि पाण्याला दोष देत बसले होते.

डॉक्टरांनी आठवडाभरात त्यावर शिक्कामोर्तब केलं. हळूहळू वाढत जाईल, म्हणाले. घरी आल्यावर महेश इतकंच म्हणाला, "डबा लपव त्यांचा. आता टेन्शन वाढवायचं नाय."

मी डबा डाळींच्या बरण्यांमागे ठेवला. दुसऱ्या दिवशी आबांनी घर पालथं घातलं. उशा उचलून पाहिल्या, चपलांचं कपाट उघडलं, देवघरासमोर बराच वेळ उभे राहिले. मी ताट वाढलं तर पानावर बसेनात. "पोरी, मासं उपाशी हायेत. मी कसा जेवू?" सकाळी मीच घातलंय, असं मी सांगितलं, पुन्हा सांगितलं, शेवटी आवाज चढवून सांगितलं, "आबा, पोटं भरलीत त्यांची!" त्यांनी मान हलवली आणि डब्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला, चोरी करताना सापडल्यासारखा. वाढलेलं ताट तसंच राहिलं. दिवेलागणीला मी बरण्या सरकवून डबा काढला आणि त्यांच्या हातात दिला.

त्याच आठवड्यात, जगली होती तेवढी प्रवाळं मी दुकानात देऊन टाकली. मासे चिवट असतात, हिरव्या पाण्यातही तगतात. प्रवाळं तगत नाहीत. महेश म्हणाला, "येडी झालीस का? नुसतं शेवाळ पाळणार का आता?" हो, नुसतं शेवाळ. रविवारच्या जोडीला बुधवारही घासायचा झाला. आबा दिवसातून सहा-सहा वेळा दया करायचे, पाणी हिरवं होत जायचं, आणि मी ते बादल्या-बादल्यांनी बदलत राहायचे. यात माझा मोठेपणा काही नव्हता. मागे घेतलेला तो हात मला पुन्हा पाहायचा नव्हता, एवढंच. कित्येक बुधवारी मनगट दुखायचं आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, कधी संपणार हे.

यंदा दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी ब्रश घेऊन टाकीशी आले, तर काच स्वच्छ होती. सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं. महेशला हाक मारून दाखवलंसुद्धा. बुधवारीही काच तशीच. खडकांवरची हिरवी लव आक्रसून गेली होती, पाणी इतकं नितळ की मासे अधांतरी तरंगल्यासारखे वाटावेत. पुढचा रविवार आला आणि माझं लक्ष डब्याकडे गेलं. झाकणावर धूळ होती. आबा टाकीकडे पाठ करून खिडकीशी बसले होते, मार्गशीर्षातलं मऊ ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं, आणि वाकड्या करंगळीचा तो हात उन्हात नुसता पडून होता. मी डबा त्यांच्या हातात ठेवला. म्हटलं, "आबा, मासे उपाशी आहेत."

त्यांनी डबा फिरवून पाहिला. मग दोन्ही हातांनी, पाहुण्याची वस्तू परत करावी तसा, माझ्यापुढे धरला. "तुमचा हाय का? ठेवा जपून." चौदा वर्षं मला 'पोरी' म्हणणारा माणूस मला तुम्ही म्हणत होता.

दुपारी मी ताट वाढलं. आबा काही न विचारता पानावर बसले आणि पोटभर जेवले.

ज्याच्यापायी मी दोन वर्षं हात फोडून घेतले ते शेवाळ गेलं, आणि मी इतकी कधीच थकले नव्हते. आता संध्याकाळी निळा दिवा लागतो, मी झाकण उचलते, चिमूट सोडते. मासे वर येतात, खातात, पुन्हा खडकाआड जातात. मी डबा जागेवर ठेवते. काही वेळाने, कणीक मळायला घेण्याआधी, पुन्हा टाकीशी येते. "खा रं बाबांनो," माझ्या साताऱ्याच्या जिभेला न शोभणाऱ्या बोलीत मी म्हणते, "सकालपासून कोनी घातला नाय तुमाला." खिडकीशी आबांची मान वळते का, ते मी तिरक्या नजरेने बघते. वळत नाही.

काचेच्या डाव्या कोपऱ्यात परत बोटभर हिरवी लव धरली आहे. ब्रश हाताशी आहे, आज रविवारही आहे. पण माणूस समोरच्या खुर्चीत बसलेला असताना ज्यांना त्याची आठवण येते, त्यांनी काच इतक्यात घासू नये.